मेयोतल्या आमच्या गावात मातीला जाताना

आमच्या शेजारचे आजोबा जून २०२४ मध्ये गेले. मंगळवारी पहाटे, कॅसलबारच्या हॉस्पिटलमध्ये, वय ८६. त्यानंतरचे चार दिवस मी पहिल्यांदा जवळून बघितले, म्हणजे नुसते बघितले नाहीत, त्यात होते, आणि तेव्हाच मनात आलं होतं की हे कधीतरी नीट लिहून ठेवायचं. तशी मी नर्स आहे, नर्सिंग होममध्ये कामाला आहे, मरण मला नवीन नाही. पण ड्यूटीवर माणूस गेला की पुढचं सगळं दाराबाहेर होतं, गाडी येते, सही होते, आपण दुसऱ्या खोलीत जातो. दाराबाहेर काय होतं ते मला माहीतच नव्हतं.

आधी गावाबद्दल. मेयो ही आयर्लंडच्या पश्चिमेची काउंटी आणि आमचं गाव तिच्या पूर्वेच्या बाजूला. एक चर्च, एक शाळा, एक पब (पुढच्या अर्ध्या भागात दूध-ब्रेड-गॅस सिलिंडर मिळतो), गेलिक फुटबॉलचं मैदान आणि हॉल. बाकी घरं लांब लांब पसरलेली. इथे टाउनलँड म्हणतात, आपल्या वाड्या असतात ना अगदी तशाच, प्रत्येकीला जुनं आयरिश नाव, आणि अख्ख्या देशात अशा ६०,००० पेक्षा जास्त आहेत. आमच्या वाडीत नऊ घरं. आम्ही डब्लिनहून २०२२ मध्ये आलो, नवरा घरून काम करतो, पीठ-मसाले-डाळी बॅलीहॉनिसहून आणतो कारण तिथे बरीच वर्षं पाकिस्तानी कुटुंबं राहतात. आजोबा आमच्या शेजारच्याच घरात. पहिल्याच आठवड्यात अंडी घेऊन आले आणि विचारलं, लिओच्या वडिलांच्या गावाकडची का तू? लिओ म्हणजे लिओ वराडकर, आयर्लंडचे माजी पंतप्रधान, त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. मी सांगितलं की मी वाईची, सह्याद्रीच्या अलीकडची, तर त्यांनी बसून सह्याद्री म्हणजे काय, किती उंच, पाऊस किती, सगळं विचारून घेतलं. पावसाबद्दल त्यांना फार कौतुक वाटलं की तो ठरलेल्या महिन्यात येतो आणि ठरलेल्या महिन्यात जातो.

तर मंगळवारी सकाळी सातला रस्त्यापलीकडची काकू आली. (इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, पण मी नाव लिहीत नाही म्हणून काकू. वय ७०, शाळेत शिक्षिका होती.) दारातच म्हणाली, गेला गं तो. मग आत येऊन बसली आणि मी चहा ठेवला. मी विचारलं आता आपण काय करायचं? म्हणजे मला खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी, आमटी-भात घेऊन जातात, कडू घास म्हणतात त्याला. एवढं मला येत होतं. काकू म्हणाली, बाई, तेच करायचंय, फक्त दोनशे माणसांचं.

दुपारपर्यंत आरआयपी डॉट आयई वर नोटीस आली. आयर्लंडमध्ये कोण गेलं ते लोक रोज या साइटवर बघतात, आणि इथे मिडवेस्ट रेडिओवर सकाळी नावं वाचून दाखवतात, घराघरात त्या वेळी सगळे गप्प होतात. ती नोटीस वाचायलाही शिकावं लागतं, काकूने मला ओळ न् ओळ समजावली. 'रिपोजिंग ॲट होम, गुरुवार तीन ते नऊ' म्हणजे तेव्हा कुणीही तोंड बघायला यावं, ओळखदेख असो नसो. 'शुक्रवारी रिमूव्हल' म्हणजे घरातून चर्चकडे नेणार. 'हाउस प्रायव्हेट' हे शुक्रवार सकाळपुरतं, तेव्हा फक्त घरचे. 'फॅमिली फ्लॉवर्स ओन्ली' म्हणजे तुम्ही फुलं आणू नका, हॉस्पिसला (शेवटच्या आजारात माणसाची काळजी घेतात ती संस्था) देणगी द्या. मी विचारलं बुधवार रात्रीचं काहीच नाही यात? तर म्हणाली ते लिहीत नाहीत, बुधवारी संध्याकाळी त्याला घरी आणतील तेव्हा शेजाऱ्यांनी असायचं, ते शेजाऱ्यांना माहीत असतं.

बुधवारी मी सुट्टी घेतली. त्यांच्या घरी गेले तर अंगणात दहा-बारा माणसं होती. कुणी गवत कापतंय, कुणी फाटकाला रंग देतंय, हॉलमधून खुर्च्या आणि पाणी उकळायचा मोठा बॉयलर आला होता, शेजारच्या शेतातली मेंढरं हलवून तिथे गाड्या लावायची सोय केली होती. आजोबांची आठ-नऊ गुरं होती, ती कोण बघणार हे कुणी कुणाला विचारलं पण नाही, एकजण परस्पर बघून आला. कॅसलबारला असते ती मुलगी स्वयंपाकघरात नुसती उभी होती आणि तिला कुणी काही करू देत नव्हतं. मला काकूने अंड्याची सँडविचेस दिली. सहा मोठे ब्रेड, अंडी उकडून, बारीक कांदा, मेयोनीज, कडा कापायच्या, त्रिकोण करायचे आणि वरून ओलं फडकं टाकायचं म्हणजे ब्रेड सुकत नाही. हॅमची दुसऱ्या टेबलावर. ॲपल टार्ट तर येतच होते, प्रत्येक बाई एक घेऊन येत होती आणि ताटलीखाली आपल्या नावाची पट्टी चिकटवलेली, परत द्यायला सोपं म्हणून. आमच्याकडे भांड्यांवर नावं कोरलेली असतात ना, त्यासाठीच.

संध्याकाळी सहाला त्यांना आणलं. अंडरटेकरची (अंत्यविधीची सगळी सोय बघतो तो माणूस) काळी गाडी वाडीच्या तोंडाशी आली तशी सगळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले, कुणी बोललं नाही. पेटी समोरच्या खोलीत ठेवली, उघडी. अंगात चांगला सूट, बोटांत रोझरीची जपमाळ, डोक्याशी मेणबत्त्या. काकूने आधीच घड्याळ बंद करून ठेवलं होतं आणि खिडकी थोडी उघडली होती, जुनी रीत आहे, आता सगळीकडे करत नाहीत म्हणे. मला वाटलं होतं लहान मुलांना लांब ठेवतील, आमच्याकडे ठेवतात. तर नातवंडं आत आली, एका चार-पाच वर्षांच्या पोरीने हाताला हात लावला आणि म्हणाली थंड आहे, आणि तिची आई म्हणाली हो, आता थंडच असणार, आणि ती पोरगी खेळायला गेली. ते मी अजून विसरलेले नाही.

गुरुवारी सकाळी कबर खणायची होती. शहरात यासाठी माणसं लावतात पण आमच्या गावात अजून शेजारीच खणतात. माझ्या नवऱ्यालाही बोलावलं. तो आदल्या रात्रीपासून अस्वस्थ, आपल्याला चालेल का, त्यांना चालेल का, म्हणून मी काकूला फोन करून विचारलं, तर ती एवढंच म्हणाली की त्याला सांग जुने बूट घाल. आजींची कबर नऊ वर्षांपूर्वीची, त्याच जागेत आजोबांना ठेवायचं होतं. मेयोची जमीन म्हणजे सगळा दगड, कुदळ आणि पहार लागली, पाच जणांना तीन तास. खणून झाल्यावर फावडं आणि कुदळ कबरीवर एकमेकांवर आडवी ठेवून आले, उघडी कबर तशीच सोडत नाहीत. आणि सोमवारी कबर उघडत नाहीत हेही त्याला तिथेच कळलं, सोमवारी माती असेल तर रविवारीच थोडं गवत काढून ठेवतात. तो घरी आला, आंघोळीला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. नंतर म्हणाला की माझ्या स्वतःच्या आजोबांच्या वेळी मी फक्त मागून चालत गेलो होतो.

तीन वाजता रांग सुरू झाली. ही रांग मी कशी सांगू. एका दाराने आत, घरचे लोक भिंतीला खुर्च्या लावून ओळीत, तुम्ही प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, 'सॉरी फॉर युअर ट्रबल'. बस एवढंच वाक्य. मी आधी विचारात पडले होते की काय बोलू, कसं बोलू, आणि मग लक्षात आलं की सगळे हेच बोलतात, शेतकरी, शाळेचे हेडमास्तर, काउन्सिलर, पंधरा वर्षांची पोरं. म्हणून कुणाला शब्द शोधावे लागत नाहीत, आणि ऐकणाऱ्यालाही उत्तर शोधावं लागत नाही. मग पेटीशी दोन मिनिटं, मग स्वयंपाकघरात चहा. मी कपबशा धूत होते. रात्री नऊपर्यंत एकदाही बॉयलर बंद झाला नाही, बाहेर रस्त्यावर पिवळी जॅकेटं घातलेली फुटबॉल क्लबची मुलं गाड्या लावून देत होती. सिंकपाशी उभी राहून मी आजोबांबद्दल जेवढं ऐकलं तेवढं दोन वर्षांत मला माहीत नव्हतं. तरुणपणी इंग्लंडला रस्त्याच्या कामावर होते आणि घरी पैसे पाठवत होते. एका म्हाताऱ्याने सांगितलं की माझ्या बापाच्या मातीला तो तिकडून आला होता, तेव्हा बोट आणि ट्रेन असायची, म्हणून मी आज आलो. माणसं हसतसुद्धा होती, मोठमोठ्याने, आणि आतल्या खोलीतून मुलगी पण येऊन हसून गेली.

मास कार्डाचं विचारायचं राहिलं होतं. लोक पाकिटं आणून एका टोपलीत ठेवत होते, आत फादरने सही केलेलं कार्ड असतं की या माणसाच्या नावाने प्रार्थना होईल. मी हिंदू, मी काय द्यायचं? काकू म्हणाली साधं सिम्पथी कार्ड दे आणि आत एखादी आठवण लिही, लोक ती नंतर वाचतात, सगळं शांत झाल्यावर. मी सह्याद्रीचं लिहिलं.

रात्री पेटीपाशी कुणीतरी जागं राहतंच, एकटं सोडत नाहीत. नवव्या घरच्या दोघांबरोबर मी दोन ते पाच बसले, मला नाइट ड्यूटीची सवय आहे म्हणून मीच मागून घेतलं. जूनमध्ये इथे रात्र अशी नसतेच, साडेदहा-अकरापर्यंत उजेड आणि चार वाजता परत पक्षी. तिनाच्या सुमाराला आजोबांचा बॉस्टनला असतो तो मुलगा आत आला. तो बुधवार रात्रीच्या विमानाने निघून गुरुवारी सकाळी शॅननला उतरला होता, मँचेस्टरचा भाऊ त्याच्या आधी नॉकच्या विमानतळावर उतरला होता, सगळं त्यांच्या हिशोबाने ठरवलं होतं. झोप लागत नाही म्हणाला. मग विचारलं, तुमच्याकडे किती दिवस ठेवतात? मी म्हणाले त्याच दिवशी नेतात, जवळचं कुणी लांबून येणार असेल तर काही तास थांबतात. तो म्हणाला, म्हणजे मी पोचलो नसतो. मी म्हणाले, मी पोचलेच नाही.

माझे आप्पा एप्रिल २०२१ मध्ये गेले. दुसरी लाट. मी तेव्हा डब्लिनला होते, इथे आमच्याच नर्सिंग होममध्ये लोक आजारी होते, तिकडे जायची काही सोयच नव्हती. चुलतभावाने लांबून व्हिडिओ कॉल लावला, पांढऱ्या किटमधली चार माणसं, ओळखीचं कुणी नाही, घरच्यांना फाटकाच्या आत सोडलं नाही. चार मिनिटांत रेंज गेली. राख सावडायला भाऊ एकटा. दहाव्याला पण तिघे-चौघेच. मी दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेले कारण घरी बसून काय करणार होते. हे मी त्या मुलाला सांगितलं, इतकं सविस्तर कुणालाच सांगितलं नव्हतं. तो म्हणाला आईच्या बहिणीच्या वेळी इथेही दहाच माणसांना चर्चमध्ये सोडत होते, गाव रस्त्याच्या कडेला उभं होतं, दाराशी, फाटकाशी, ट्रॅक्टरवर, आणि गाडी सावकाश पुढून गेली. मग त्याने आप्पांचं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. त्याने म्हणून बघितलं, चुकलं, परत विचारलं, तिसऱ्यांदा बरोबर म्हणाला. मग आम्ही दोघं काही बोललो नाही, पाचला काकू आली.

शुक्रवारी सव्वाअकराला निघायचं. पेटीचं झाकण लावायच्या आधी बाहेरचे सगळे बाहेर गेले. नंतर मुलं आणि नातवंडं खांदा देऊन फाटकापर्यंत आली, नाती पण होत्या खांद्याला, आणि पुढे वाडीच्या टोकापर्यंत शेजाऱ्यांनी बदली बदली. अंडरटेकर सारख्या उंचीच्या जोड्या लावतो म्हणजे पेटी वाकडी होत नाही. त्याने माझ्या नवऱ्याकडे बघून बोट केलं, तू आणि तू. वेगळ्या भाषेत आणि वेगळ्या देवाच्या नावाने पण खांदा तो खांदाच, नवऱ्याला कुणाला शिकवावं लागलं नाही. फक्त इथे शेजारच्याच्या खांद्यावरून हात टाकून धरतात, म्हणजे दोघे एकमेकांना पकडून चालतात.

समोरून येणाऱ्या गाड्या कडेला थांबत होत्या, इंजिन बंद, टोप्या हातात. मेयोत तर याची एक गोष्टच आहे, काकू ती अगदी मनापासून सांगते. १९५१ मध्ये मेयोने ऑल आयर्लंड फायनल (गेलिक फुटबॉलची देशातली सगळ्यात मोठी मॅच) जिंकली आणि टीम कप घेऊन परत येत होती तेव्हा फॉक्सफर्ड गावात एक अंत्ययात्रा चालली होती, पोरं थांबली नाहीत, आनंदात तशीच पुढे गेली, आणि तिथल्या फादरने शाप दिला की या टीममधला एकही जण जिवंत असेपर्यंत मेयोला परत कप मिळणार नाही. दंतकथा आहे, पण १९८९ पासून २०२१ पर्यंत मेयो ११ फायनल हरली. त्या टीममधला शेवटचा खेळाडू सप्टेंबर २०२१ मध्ये वारला, कप अजून आलेला नाही. अख्खी काउंटी फुटबॉलवर जीव टाकते आणि तिची सगळ्यात मोठी दंतकथा कशाबद्दल आहे, तर मातीला थांबला नाहीत याबद्दल.

चर्चमध्ये आजोबांच्या वस्तू पुढे नेऊन ठेवल्या, टोपी, मेयोची हिरवी-लाल जर्सी आणि जळणाच्या टर्फची एक वीट. कम्युनियनला, म्हणजे प्रसाद घ्यायला सगळे पुढे जातात तेव्हा, मी बसून राहिले, कुणी वळून बघितलं नाही. इथे एकच फादर तीन चर्चं सांभाळतो, दमलेला असतो, पण आजोबांना ओळखत होता. कबरीपाशी रोझरीची प्रार्थना झाली आणि लगेच त्याच पाच जणांनी फावडी घेतली, मग बाकीचे पुढे येऊन हातातून फावडं मागून घेत होते. मी पण तीन फावडी माती टाकली. नंतर पबमध्ये सगळ्या गावाला जेवण, सूप, बीफ किंवा सॅमन, आम्हाला भाज्या. कुणी लवकर उठलं नाही.

यानंतर मला वाटलं संपलं. पण महिन्याने 'मन्थ्स माइंड' म्हणून परत प्रार्थना असते, आमचं मासिक श्राद्ध असतं तसंच. त्याच्या आधीच्या शनिवारी आजोबांचं टर्फ घरी आणायचं होतं. टर्फ म्हणजे बॉगमधली, दलदलीतली जुनी वाळलेली माती, जळण म्हणून वापरतात. मेमध्ये कंत्राटदाराच्या मशीनने काढलेलं, मग उलटवायचं, मग पाच-सहा विटा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, वर एक आडवी, वारा आतून गेला पाहिजे, त्याला फूटिंग म्हणतात आणि कंबर मोडते. हे फूटिंग आजोबांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात स्वतः केलं होतं, निम्मं. उरलेलं आम्ही नऊ घरांनी दोन संध्याकाळी केलं, हवेत मिजेस नावाचे बारीक किडे, तोंडात नाकात जातात. असं सगळ्यांनी मिळून एकाचं काम करणं याला आयरिशमध्ये मेहल म्हणतात. आपल्याकडे इर्जिक म्हणायचे, माझ्या आजीच्या तोंडी होता तो शब्द. शनिवारी तीन ट्रॅक्टर आले. घर तर रिकामं, मुलगी म्हणाली आमच्याकडे कॅसलबारला चूलच नाही, वाडीत वाटून घ्या. आमच्या शेडमध्ये एक ट्रेलरभर आलं. टर्फ जाळण्याबद्दल इथे खूप वाद आहे, हवा खराब होते आणि बॉग एकदा कापलं की हजारो वर्षांचं जातं, मला ते पटतं, माझ्या वॉर्डातल्या म्हाताऱ्यांची फुप्फुसं मी बघते. पण ते टर्फ मी नको म्हणू शकले नाही. ऑक्टोबरात पहिल्या थंडीला पेटवलं, त्याचा वास आठवडाभर स्वेटरला होता.

ऑक्टोबरच्या शेवटी काकू एक पाकीट घेऊन आली. नोव्हेंबर हा इथे गेलेल्यांचा महिना असतो, पाकिटात एक कागद, त्यावर ओळी, आपापल्या घरातल्या गेलेल्यांची नावं लिहायची आणि तो महिनाभर चर्चमध्ये पुढे ठेवतात. ती म्हणाली तुला हवं असेल तर, नाहीतर राहू दे. मी टेबलावर बसून आधी आजोबांचं लिहिलं. मग खाली आप्पांचं, पूर्ण नाव, आधी इंग्रजीत म्हणजे फादरला वाचता येईल, आणि शेजारी मराठीत. काकूने चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, वरची ती रेघ कशी काढतात, आधी की नंतर? मी म्हणाले नंतर.